दोन तोंडांची गाडी

सिग्नलला थांबलेल्या गाडीची पाठ तिच्या मालकाला दिसत नाही. तो पुढे तोंड करून बसलेला. बंपरच्या दोन कोपऱ्यांतून डोकावणारे ते चकचकीत स्टीलचे गोल दिसतात मागच्या रिक्षावाल्याला, त्याच्या शेजारी घुसलेल्या स्कूटरवाल्याला, फुटपाथवरून शाळेला निघालेल्या पोराला. ट्रकच्या फळीवर ‘आईचा आशीर्वाद’ रंगवून घेणारा ड्रायव्हरही ती अक्षरं चालवताना वाचत नाही. ती मागच्यासाठी असतात. ड्युअल एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर सोडणाऱ्या पाइपाला मागे दोन तोंडं, त्याच वंशातला. फरक इतकाच, की रंगाऱ्याने एखादी वेलांटी चुकवली तर इंजिनाला काही होत नाही.

पुण्यातली नाना पेठ असो नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड, गाडी ‘बनवायला’ निघालेला माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच: सिंगल ठेवू की ड्युअल करू? बहुतेकदा उत्तर त्याने घरूनच आणलेलं असतं, त्याला फक्त कुणीतरी ‘कर रे’ म्हणायला हवं असतं. खरं उत्तर मात्र बंपरपाशी सापडत नाही. ते बॉनेटखाली आहे. सिलेंडर किती, ते कसे मांडलेत आणि त्यांचा धूर किती ठिकाणांहून बाहेर पडतो, एवढ्यावर अर्ध्याहून जास्त निकाल लागतो.

व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिनात सिलेंडरांच्या दोन ओळी असतात, दोन्हींच्या मध्ये कोन. धूर बहुधा दोन्ही ओळींच्या बाहेरच्या अंगाने निघतो, म्हणजे मॅनिफोल्ड, सिलेंडरांचा धूर गोळा करणारा फाटा, जन्मतःच दोन. तिथे दोन पाइप मागेपर्यंत नेणं हाच सरळ रस्ता आहे. उलट त्यांना एकत्र आणून एकाच पाइपात कोंबणं ही तडजोड. आपल्या रस्त्यांवरच्या हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये मात्र तीन किंवा चार सिलेंडर एका रांगेत उभे असतात. डोकं एक, मॅनिफोल्ड एक, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट-कॉन, एक. तिथे दुसरा पाइप कुठून तरी आणावा लागतो, आणि तो आणला कुठून, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

दोन नळ्यांना ही प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेत. १९५५ च्या शेव्हरोलेमध्ये २६५ घनइंचाचा, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचा नवा व्ही-८ आला. साध्या रूपात त्याची ताकद १६२ हॉर्सपॉवर. ‘पॉवर पॅक’ घेतला की चार तोंडांचा कार्ब्युरेटर आणि ड्युअल एक्झॉस्ट मिळायचा आणि आकडा १८० वर जायचा. म्हणजे त्या काळी मागे दोन पाइप दिसले तर पुढच्या इंजिनात खरोखर काही जास्तीचं असायचं. खूण आणि खुणेमागची वस्तू एकच होती. मग १९७५ साल उजाडलं, धुराचे कायदे कडक झाले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटमध्ये दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये एकत्र आणून एकाच कन्व्हर्टरमधून नेले आणि त्याच्या मागे पुन्हा दोन फाटे फोडले. इंजिन व्ही-८ च, मागे टोकंही दोनच, मधला रस्ता मात्र एक. वस्तू गेली, खूण राहिली. आजच्या कित्येक नव्या गाड्यांच्या बंपरमध्ये क्रोमचे दोन चौकोन साच्यातच ओतलेले असतात. त्यांत बोट घातलं तर दोन इंचांवर प्लॅस्टिकची भिंत लागते आणि खरा पाइप आत कुठेतरी मान खाली घालून उभा असतो.

आता हिशेब. एक्झॉस्टच्या गप्पा इंचांत होतात, पण वायू इंच बघत नाही, तो पाइपाच्या पोटाचं क्षेत्रफळ बघतो. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा दोन इंची पाइप घेतला तर आतला व्यास ४७.८ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस सेंटिमीटर. पावणेदोन इंचीचं साडेतेरा. अडीच इंचीचं जवळजवळ २९. या धंद्यातला एक ढोबळ ठोकताळा असा, की दर चौरस सेंटिमीटरमधून आठेक बीएचपी ताकदीचा धूर सहज निघून जातो. हा शास्त्राचा नियम नव्हे, पण पाइप निवडायला पुरतो. ८५-९० बीएचपीच्या १.२ लिटर पेट्रोल गाडीला मग किती हवं? साडेदहा-सव्वाअकरा चौरस सेंटिमीटर. म्हणजे पावणेदोन इंच पुरून उरतो, आणि दोन इंच म्हणजे पुढे इंजिनावर काम करायचं असेल तर ठेवलेली शिल्लक. दोन इंची एकच पाइप १४० बीएचपीपर्यंत साथ देतो. दीड लिटरच्या, ११८-१२० बीएचपीच्या सेडानलाही तो भरपूर झाला.

१.२ लिटरच्या त्या गाडीखाली दोन इंचीचे दोन पाइप टाकले तर क्षेत्रफळ होतं ३६. एवढ्यात २८० बीएचपीचं इंजिन आरामात श्वास सोडेल. आपण सोडतो नव्वदचा. घरात माणसं तीन आणि भात पंगतीचा शिजवला, तसला प्रकार.

शहाणा फॅब्रिकेटर म्हणेल, ड्युअल हवंच असेल तर दीड इंचीचे दोन घे. बरोबर आहे: दोन्हींचं मिळून १९.४ चौरस सेंटिमीटर, दोन इंची एका पाइपाच्या आसपास. पण इथे भूमिती आपला वाटा मागते. तेवढंच क्षेत्रफळ दोन नळ्यांत वाटलं की आतल्या भिंतीचा घेर दीडपट होतो: एका पाइपात १५० मिलिमीटर, दोघांत मिळून २२०. भिंत जास्त म्हणजे घासणं जास्त आणि उष्णता गमावणंही जास्त. वजन वेगळंच. दोन इंची स्टेनलेस पाइप मीटरला १.८ किलोच्या आसपास भरतो. दुसरा फाटा, दुसरा सायलेन्सर, दोन-तीन हँगर मिळून सहा-सात किलो सहज वाढतात, आणि तेही मागच्या चाकांच्या पाठीमागे लोंबतात.

‘इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच’ हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्यांदा बोललं जातं की ते खरं वाटायला लागतं. ते खरं नाही, पण ज्या अनुभवातून ते निघालंय तो खरा आहे. मोठा पाइप टाकल्यावर खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना, गाडी मेल्यासारखी होते, हे लोकांनी पाहिलेलं असतं. कारण वेगळं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सिलेंडरमधून धूर सोडणारी झडप, उघडतो तेव्हा वायूबरोबर दाबाची एक लाट सुटते. हेडरमधल्या, म्हणजे सिलेंडरांतून निघणाऱ्या पहिल्या नळ्यांमधल्या, ९०० केल्विनच्या आसपासच्या वायूत ती सेकंदाला सहाशेएक मीटर वेगाने धावते. जिथे पाइप एकदम रुंद होतो किंवा दुसऱ्याला मिळतो तिथून ती उलटून, पण आता ओढणारी होऊन परत येते. हवा घेणारा इनटेक आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात त्याच वेळी ती पोहोचली, तर सिलेंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते आणि नव्या हवेला आत यायला मदत करते. पाइप ठोकताळ्याबाहेर मोठा केला की वायूचा वेग पडतो, लाटेतला जोर जातो आणि वेळ चुकते. हरवतो तो वेग. बॅकप्रेशरला फुकटचं श्रेय मिळतं.

यातली गंमत अशी, की हा खेळ मुख्यतः इंजिनापासून पहिल्या मीटर-सव्वा मीटरमध्ये खेळला जातो. चार सिलेंडरच्या इंजिनात पेटण्याचा क्रम बहुधा १-३-४-२. फोर-टू-वन हेडरमध्ये, म्हणजे चाराच्या दोन आणि दोनाची एक नळी होते त्यात, १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी, म्हणजे प्रत्येक जोडीत एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. मग दोन्ही जोड्या एका कलेक्टरमध्ये मिळतात. मधल्या आरपीएमला, म्हणजे घाटात आणि गावात जिथे गाडी खरोखर चालते तिथे, याचा उपयोग आहे. त्यापुढे कॅट-कॉनच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून जाताना लाटा विसविशीत होतात. बंपरपाशी एक टोक आहे की दोन, हे इंजिनाला कळतसुद्धा नाही.

टर्बो गाडीत धुराच्या जोरावर फिरणारं टर्बाइन इंजिनात हवा ढकलतं; तिथे तर हा वादच लहान होतो. टर्बाइनच्या अलीकडे लाटांना अर्थ आहे. पलीकडे फक्त मोकळी वाट हवी, आणि मोकळ्या वाटेसाठी एक मोठा, कमी वळणांचा पाइप दोन लहानांपेक्षा केव्हाही बरा. तिथे ड्युअल टाकणाऱ्याने ‘दिसायला हवं होतं’ एवढं सरळ सांगावं.

मग ‘ट्रू ड्युअल’चा हट्ट. चार सिलेंडरच्या गाडीत तो करता येतो: १-४ ची जोडी एका पाइपात, २-३ ची दुसऱ्यात, शेवटपर्यंत वेगळ्या. कागदावर देखणं. पण कलेक्टरच गेला, म्हणजे दोन जोड्यांनी एकमेकींना दिलेली ओढ गेली. कॅट-कॉन दोन लागतील, दोन्हींना निम्मा धूर मिळणार, म्हणजे सकाळी तापायला वेळ जास्त, आणि तापेपर्यंत ते काम करत नाहीत. सर्वात मोठी अडचण धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरची. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, पेट्रोल ठरवण्यासाठी कॅट-कॉनच्या आधीच्या एकाच सेन्सरचा निरोप वाचायला शिकवलंय. तो एका पाइपात बसवला की त्याला दोनच सिलेंडर दिसतात, आणि त्या दोघांवरून तो चौघांचं पेट्रोल ठरवतो. उरलेल्या दोघांपैकी एखादा इंजेक्टर चोंदला तरी पत्ता लागत नाही. तीन सिलेंडरच्या इंजिनात तर वाटणीच जमत नाही. तिघांचे दोन भाग कसे करणार?

म्हणून आपल्याकडे ज्याला ड्युअल म्हणतात ते जवळजवळ नेहमी दोनपैकी एक असतं. एक, साधा सिंगल पाइप आणि शेवटी एकाच सायलेन्सरमधून शेजारी-शेजारी निघालेली दोन टोकं. हा निरुपद्रवी अलंकार. दुसरं, मागच्या ॲक्सलच्या मागे वाय-जोड देऊन डावीकडे-उजवीकडे फाटे आणि दोन सायलेन्सर. चुका होतात त्या याच प्रकारात, आणि सगळ्यात नेहमीची चूक वाय-जोडावरच होते: दोन इंची खोड आणि दोन इंचीच्या दोन फांद्या. जोड ओलांडताच क्षेत्रफळ दुप्पट, वेग निम्मा, वायू थंड. खोड दोन इंची असेल तर फांद्या दीड इंची हव्यात. जोडही इंग्रजी टी अक्षरासारखा आडवा नको. फांद्यांनी खोडापासून पंधरा-वीस अंशांत हळू फुटावं. काटकोनात आपटलेला वायू मागे दाब देतो आणि शिट्टीसारखा आवाज काढतो.

आवाज. खरं तर बहुतेक माणसं ताकदीच्या नावाखाली आवाजच विकत घ्यायला आलेली असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दोन टोकं लावली म्हणून चार सिलेंडरची गाडी व्ही-८ सारखी घोगरी गुरगुरत नाही. ती गुरगुर पाइपांच्या संख्येतून आलेलीच नाही. अमेरिकन व्ही-८ च्या क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, रचनेमुळे प्रत्येक ओळीतले धमाके विषम अंतराने येतात, ढोलावर ठेका चुकवून मारल्यासारखे, आणि त्या विषमतेतून तो आवाज येतो. दोन्ही ओळींचा ताळमेळ साधायला तिथे पाइपांच्या मध्ये एच किंवा एक्स आकाराचा आडवा दुवा टाकतात. रांगेतल्या चार सिलेंडरांचे धमाके घड्याळासारखे समान अंतराने येतात. मागे एक तोंड असो वा चार, ठेका तोच.

बदलते ती गुणगुण, आणि ती त्रासदायक दिशेने बदलू शकते. चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन धमाके होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० ला पाचव्या गिअरमध्ये १.२ लिटरची गाडी ३००० आरपीएमच्या आसपास असते. म्हणजे सेकंदाला १०० धमाके, १०० हर्ट्झ. हॅचबॅकचं केबिन म्हणजे एक बंद डबा, आणि अशा खालच्या सुरांना तो हौसेने दाद देतो. गावात फिरताना ‘काय मस्त बेस आहे’ वाटलेला तोच आवाज लोणावळ्यापर्यंत कानात माशी शिरल्यासारखा होतो आणि मागच्या सीटवरची आजी डोकं धरते. यावरचा उपाय दुसरा सायलेन्सर नव्हे. मुख्य पाइपाला बाजूने एक बंद टोकाची नळी जोडतात, तिला जे-पाइप म्हणतात. तिची लांबी त्रासदायक सुराच्या लाटेच्या एक चतुर्थांश असावी लागते. बंद नळीतला वायू मुख्य पाइपापेक्षा थंड असतो; तिथे आवाजाचा वेग सेकंदाला ४२० मीटर धरला तर १०० हर्ट्झसाठी सुमारे १०५ सेंटिमीटर. तीन सिलेंडरच्या गाडीला त्याच आरपीएमला ७५ हर्ट्झ, म्हणून १४० सेंटिमीटर. पाच-दहा सेंटिमीटर जास्त ठेवून, टोक तात्पुरतं बंद करून, गाडी चालवून मग कापावं. आणि ही मीटरभर नळी बसवायला गाडीखाली जागा लागते. ती सिंगलमध्ये मिळते. ड्युअल केलेल्याची तिथेच दुसरी फांदी आलेली असते.

आता एका दुर्लक्षित पाहुण्याकडे येऊ. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात ते पाइपातून जातं आणि पाइप पुरेसा तापलेला असेल तर बाहेर पडतं. मुलांना शाळेत सोडून, भाजी घेऊन परत, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत मागचा सायलेन्सर तापतच नाही. वाफ तिथे थंड होऊन साचते, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून सडतो. दोन सायलेन्सरांना उष्णता अर्धी-अर्धी मिळते, म्हणून दोन्ही ओले राहतात. बाहेरून आरशासारखं चमकणारं टोक आणि आत चाळण, हे कोकणपट्टीत तर हमखास, कारण तिथे खारी हवा बाहेरूनही काम करत असते. सायलेन्सरच्या सर्वात खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्यावं. कंपनीच्या सायलेन्सरलाही असं भोक असतं. नवखा वेल्डर ते ‘लीकेज’ समजून बुजवतो.

पत्रा निवडताना ‘एसएस’ एवढं ऐकून समाधान मानू नये. ४०९ ग्रेड स्वस्त, चुंबक चिकटतो, तपकिरी पडतो पण टिकतो. कंपन्या बहुधा त्याच जातीचं वापरतात. ३०४ ला गंज फार कमी, पण ते तापल्यावर जास्त पसरतं: तीन मीटरचा पाइप अडीचशे अंशांनी तापला तर १२-१३ मिलिमीटर लांब होतो, साधं लोखंड नऊ. म्हणूनच हँगर रबराचेच हवेत. घट्ट क्लॅम्पने चेसिसला आवळलेला ३०४ चा पाइप वर्षा-दोन वर्षांत वेल्डच्या कडेला तडकतो आणि दोष बिचाऱ्या वेल्डरवर येतो. ३०४ ला जोड देताना ३०८एल ची तार. स्टेनलेस आणि साधं लोखंड जोडायचं असेल तर ३०९एल. वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. नाही सोडला तर आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखा खडबडीत थर येतो, जो दिसत नाही पण वायूला नडतो. वळणं मँड्रेल बेंडची, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेली, घ्यावीत. प्रेसवर दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो. दोन इंचाचे पैसे देऊन वळणापुरता पावणेदोन इंची घेतल्यासारखं होतं. ड्युअलमध्ये वळणं दुप्पट, हे वेगळं सांगायला नको.

गाडी वर चढवून खालून बघितली की मग बोलणं जमिनीवर येतं. मूळ पाइप ज्या बाजूने जातो तिथे कंपनीने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची उष्णतारोधक ढाल बसवलेली असते. दुसऱ्या बाजूला ती नसते. तिथे असतो स्टेपनीचा खड्डा, प्लॅस्टिकचा बंपर, कधी पार्किंग सेन्सरची वायर. सीएनजी किट असेल तर २०० बारच्या दाबाची नळी गाडीच्या पोटाखालूनच मागे टाकीकडे गेलेली असते. तिच्याजवळून एक्झॉस्टची फांदी न्यायची असेल तर सरळ नको म्हणावं. इथे जुगाड नाही. पेट्रोलच्या नळीपासून एक्झॉस्ट किमान ३५ मिलिमीटर दूर हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११३ वा नियम सांगतो. त्याच्या आधीचा, ११२ वा, आणखी मजेशीर आहे: धूर खाली किंवा गाडीच्या डाव्या अंगाला सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडेच. आपल्याकडे डावीकडे फुटपाथ असतो, बसस्टॉप असतो, माणसं उभी असतात. म्हणजे ड्युअलची डावी फांदी सरळ मागे तोंड करून असली तर ठीक. ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून डाव्या चाकामागून बाजूला वळवली तर नियम मोडला.

कायद्याची बाकीची बाजू लोकांना रोडरोलरमुळे माहीत आहे. बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवल्याची दृश्यं महाराष्ट्रातल्या किती तरी शहरांतून आली. गाडीवाल्यांनी तो दुचाकीचा प्रश्न समजू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-धुराच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता आहे. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे कलम १८२अ प्रमाणे मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नव्या प्रवासी गाडीच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल ठेवलेली आहे. कॅट-कॉन काढून टाकणं हा तर मूर्खपणाच: ती धुराची चोरी आहे, आणि कॅट-कॉनच्या मागचा सेन्सर ‘कॅट-कॉन काम करत नाही’ असा पी०४२० चा कोड देऊन डॅशबोर्डवर दिवा लावतो तो वेगळाच. तो विझवायला मग आणखी एक खोटं विकत घ्यावं लागतं. इंजिनापासून कॅट-कॉनपर्यंत जे काही आहे त्याला हातही न लावता, मागचा भाग तेवढ्याच शांत सायलेन्सरने बदलणं, यापलीकडे रोजच्या गाडीत जाऊ नये असं माझं मत आहे. विमा कंपनीला कळवणंही त्यातच आलं.

खर्च करण्याआधी एक तपासणी करावी, जी जवळजवळ कुणीच करत नाही: मुळात अडतंय का? कॅट-कॉनच्या आधीचा लॅम्डा सेन्सर काढला की त्याच्या एम-१८ आट्यांच्या जागी दाबमापक बसतो. मधली नळी तांब्याची किंवा स्टीलची हवी, रबराची वितळते. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजार आरपीएमला तीनच्या आत काटा राहिला, तर चोंदलेलं काही नाही. जास्त दाखवला, तर बहुधा कॅट-कॉन आतून ढासळलंय किंवा सायलेन्सरमधला पडदा तुटून आडवा आलाय, आणि मग प्रश्न सिंगल-ड्युअलचा राहतच नाही.

काम करायचं ठरलं, तर आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. सेन्सरसाठी बावीसचा, बाजूला खाच असलेला सॉकेट. साध्या पान्याने कोपरे घासले जातात. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, शक्य असेल तर ईसीयूचा कनेक्टरही. आणि पाइपाला टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते टाके, मारताना गाडी चारही चाकांवर उभी असावी. हे सांगावं लागतं, कारण लिफ्टवर चाकं लोंबत असताना मागचा ॲक्सल खाली गेलेला असतो. त्याच्या वरून जाणारा पाइप ऐसपैस वाटतो. खाली उतरवून पाच माणसं बसवली आणि पहिलाच स्पीडब्रेकर आला की ॲक्सल वर येऊन पाइपाला टण्णकन लागतो. गाडीच्या पोटाखाली जमिनीपासून १६५-१७० मिलिमीटर असतात. जाड पाइपाने त्यातले पंधरा-वीस खाल्ले तर आपल्या गल्लीतले गतिरोधक ते दुसऱ्या दिवशीच दाखवून देतात. ज्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलंय, तिथे गिअर टाकताना ते पुढे-मागे डुलतं, म्हणून पुढच्या भागात दहा-पंधरा सेंटिमीटरची फ्लेक्सी, म्हणजे लवचिक नळी, हवीच. सेन्सरची बैठक कधीही खालच्या अंगाला नको, आडव्या रेषेच्या वरच ठेवावी. नाहीतर साचलेलं पाणी गरम सिरॅमिकवर पडतं आणि सेन्सर तडकतो.

सेन्सरच्या अलीकडचा जोड किंचितही गळका राहू नये. धूर बाहेर येतो एवढंच नाही. दोन धमाक्यांच्या मधल्या ओढीत बाहेरची हवा आत जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू जास्त सोडतो, मायलेज पडतं, टोक काळं होतं. मग ‘फ्री-फ्लो लावला की ॲव्हरेज जातं’ अशी एक नवी दंतकथा तयार.

टोक बंपरच्या कडेबाहेर दहा-पंधरा मिलिमीटर यावं. आत ठेवलं की प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग लोंबतं. हॅचबॅकच्या पाठीमागे चालत्या गाडीत हवेचा भोवरा असतो, आणि तो धूर ओढून डिकीच्या फटीतून आत आणतो. डिकीचं रबर जुनं असेल तर ते आधी बदलावं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ड्युअल केलंच असेल, तर डिलिव्हरी घेण्यापूर्वी थंड इंजिन सुरू करून दोन्ही टोकांपुढे वहीचा एकेक कागद धरून बघा. दोन्ही सारखे फडफडले तर वाय-जोड चांगला जमलाय. एक फडफडतोय आणि दुसरा नुसताच हलतोय, तर वायूने जवळची वाट धरली आहे. महिनाभराने एक टोक काळं आणि कोरडं होईल, दुसरं स्वच्छ राहील, आणि सकाळी त्या स्वच्छ टोकातून पाणी ठिबकत राहील. मालक फडक्याने दोन्ही पुसतो. त्यातलं एक पुसायला सोपं जातं.